राजीनामा राहू दे, आधी अर्ज लिही

*ताई, लहानपणी पोलिओ झाल्यामुळे मी कुबड्यांवर चालते. आजवर कामात कुठे कमी पडले नाही. बाळ सात महिन्यांचं आहे, नुकतीच कामावर परत रुजू झाले. दूध काढायची खोली मजल्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. जाण्यायेण्यातच इतका वेळ जातो की दुपारी मी जातच नाही. त्यात साहेबांनी माझ्याकडचं मुख्य काम काढून दुसऱ्याला दिलं. म्हणाले, ‘तुझ्यावर ताण नको.’ सहकारी कुजबुजतात, ‘हिला एक सवलत होतीच, आता दुसरी.’ काही मागायची लाज वाटते. राजीनामा लिहून ठेवलाय. देऊ का?*

ताई म्हटलंस, तेव्हा एकेरीतच लिहिते. राजीनामा आत्ता देऊ नकोस. पुढे सगळा विचार करून नोकरी सोडावीशी वाटली तर खुशाल सोड, त्यात कमीपणा नाही. पण आज तू निघाली आहेस ती लाजेपोटी, आणि लाज वाटावी असं तू काहीही केलेलं नाहीस.

आधी दुधाचं बोलू, कारण ते थांबून राहत नाही. दुपारी दूध काढणं टाळू नकोस. वेळेवर निघालं नाही तर छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, स्तनदाह होऊन ताप भरतो, आणि हळूहळू दूधही कमी होतं. छाती लाल होऊन दुखायला लागली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तुझे दोन्ही हात चालण्यात गुंतलेले असतात. मग पंप, बाटल्या, दुधाची पिशवी हे सगळं तू नेतेस तरी कसं? पत्रात याबद्दल अक्षर नाही. इतकी सवय झालीय तुला निभावून नेण्याची, हे वाचून मला फार वाईट वाटलं. चालताना अंगाचा भार खांद्यांवर आणि मनगटांवर येतो, आणि संध्याकाळी त्याच हातांनी बाळ उचलायचं असतं. ऑफिसात वाचलेली प्रत्येक फेरी घरी बाळाच्या उपयोगी पडते.

सहकारी दोन सवलती मोजतात. मला वाटतं, चूक नेमकी तिथेच आहे. ती खोली भरभर चालणाऱ्या आईचा विचार करून ठरवली असणार, आणि तुझी बसायची जागा बाळ नसलेल्या तुझा. दोन्ही सोयी आपापल्या जागी ठीक, पण कुबड्यांवर चालणारी आई कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हती. म्हणून मागणी दोन तुकड्यांत करू नकोस. एकच अर्ज कर: माझी जागा त्या खोलीशेजारी हलवा, किंवा माझ्या जागेजवळ कडी लावता येईल अशी एखादी खोली द्या. पंप ठेवायला तिथेच कुलपाचं कपाट, दुधासाठी फ्रीज, हात टेकता येतील अशी खुर्ची. शक्य असेल तर आठवड्यातले काही दिवस घरून काम.

हे उपकार नव्हेत. संयुक्त राष्ट्रांचा २००६ सालचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १८०हून अधिक देशांनी स्वीकारला आहे. वाजवी सोयीसुविधा नाकारणं हाही भेदभावच, असं त्याचं दुसरं कलम सांगतं. तेविसावं कलम म्हणतं की मूल वाढवताना अपंग पालकांना सरकारने योग्य ती मदत करावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात स्तनपानासाठी दिलेला वेळ पगारी कामाचाच धरला आहे. हा दुसरा करार बराच कमी देशांनी स्वीकारलाय, म्हणून तुझ्या इथला कायदा काय देतो ते आधी पाहून घे.

आता साहेब. त्यांचा हेतू चांगला असेलही. पण तुला न विचारता तुझं काम काढून घेतलं, ही काळजी नव्हे. वर्षअखेरीला त्या कामाचं श्रेय दुसऱ्याला जाईल, आणि पुढच्या मोठ्या कामाच्या वेळी ‘हिला अनुभव नाही’ म्हणतील. अशा मायेपोटी कितीतरी हुशार बायका कोपऱ्यात बसवल्या गेल्या आहेत. त्यांना समोर बसून सांग, ‘मला ताण त्या कामाचा नाही, त्या लांबच्या खोलीचा आहे. खोलीचं बघा, काम मला परत द्या.’ बोलून झालं की जे ठरलं ते त्याच दिवशी ईमेलवर पाठव. कोणता बदल, कधीपासून, तीन महिन्यांनी पुन्हा कधी बोलायचं, एवढं त्यात असू दे. डॉक्टरांचे सगळे कागद आपणहून जोडू नकोस. ‘त्रास देतेय, माफ करा’ असं एकही वाक्य लिहू नकोस.

कुजबुजणाऱ्यांना खुलासा द्यायला तू बांधील नाहीस.

साहेबांनी नाही म्हटलं तर कारण लेखी माग आणि मनुष्यबळ विभागाकडे जा. तिथेही दाद लागली नाही तर ते कागद अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेला किंवा कामगार कायद्याच्या वकिलाला दाखव. राजीनाम्याचं त्यानंतर ठरव.