वाचनालयातील संगणक आणि साठवलेले पासवर्ड

प्रश्न : आमच्या वाचनालयात सर्वांसाठी एकच संगणक आहे. क्रोममध्ये ईमेल उघडताच आधीच्या सभासदाचे नाव आणि पासवर्डाचे काळे ठिपके आपोआप उमटतात. हे कसे थांबवावे?

उत्तर : उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांतून पासवर्ड मॅनेजर उघडून त्याच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड साठवण्याविषयी विचारणा करणारा पर्याय बंद करावा; मात्र त्याने पूर्वी साठवलेले पासवर्ड पुसले जात नाहीत, ते यादीतून वेगळे काढावे लागतात, आणि नेमके हेच बहुधा राहून जाते. त्याहून बरे म्हणजे सभासदांना गेस्ट विंडोच (साठवलेले पासवर्ड न दाखवणारी, पाहुण्यांसाठीची क्रोमची तात्पुरती खिडकी) उघडून द्यावी, कारण ती बंद होताच पाहिलेल्या पानांचा इतिहास आणि कुकीज (संकेतस्थळांनी संगणकावर ठेवलेल्या छोट्या नोंदी) नाहीशा होतात. डाउनलोड केलेल्या फायली मात्र संगणकावरच राहतात. आधारकार्डाची प्रत उतरवली असल्यास ती आठवणीने काढून टाकावी.