‘कीहोल’ या शब्दाचे कोणकोणते अर्थ आहेत?

किल्लीचं भोक, ब्लाउजचा कीहोल गळा आणि कीहोल सर्जरी, म्हणजे आपलं दुर्बिणीचं ऑपरेशन. हे तुम्हाला माहीत असणारच. मी लिहितोय ते चौथ्या अर्थासाठी, कारण त्यापायी भर मीटिंगमध्ये बोलणी खाल्लीत.

साताऱ्याकडे पाइपलाइनचं काम होतं. मी सर्व्हेत नवखा. जीपीएसचे पॉइंट वहीत उतरवलेले, तेच केएमएल फाइलमध्ये, म्हणजे गूगल अर्थच्या नकाशावर जागा दाखवणाऱ्या फाइलमध्ये, हाताने भरले. मीटिंगमध्ये फाइल उघडली, तर गूगल अर्थचा गोळा गर्रकन फिरला आणि नॉर्वेच्याही वर, समुद्रात जाऊन थांबला. आमची पाइपलाइन गारठलेल्या पाण्यात! केएमएलमध्ये आधी रेखांश लागतो, मग अक्षांश. मी वहीप्रमाणे आधी १७.७ टाकलं, मग ७४.

चूक माझीच, कबूल. पण साहेब म्हणाले, “केएमएलमधला ‘के’ म्हणजे किलोमीटर, एवढं तरी ठाऊक आहे का?” मी म्हटलं, “साहेब, कीहोल.” सगळे खो खो हसले. साहेब सोडून.

तर ऐका. कीहोल ही २००१ साली निघालेली अमेरिकन कंपनी. गूगलने ती २००४ मध्ये विकत घेतली आणि तिच्याच सॉफ्टवेअरचं पुढच्या वर्षी गूगल अर्थ झालं. फाइलला मात्र माहेरचं नाव राहिलं: कीहोल मार्कअप लँग्वेज. कंपनीने नाव उचललं होतं अमेरिकेच्या हेर उपग्रहांवरून. केएच-११ वगैरेमधलं केएच म्हणजे कीहोलच. त्यातले सुरुवातीचे ‘कोरोना’ नावाचे उपग्रह फोटोंची फिल्म डब्यात घालून खाली सोडायचे आणि पॅराशूटने येणारा तो डबा विमान हवेतच आकड्याने पकडायचं. १९६० साली! शेजाऱ्याच्या दाराला डोळा लावायचा, पण वरून.

फाइल बनवत असाल तर पॉइंट हाताने भरूच नका. भरलेच, तर महाराष्ट्रात पहिला आकडा ७२ ते ८१ मधला आणि दुसरा १५ ते २२ मधला हवा. उलटं दिसलं की थांबा. हां, गूगल अर्थच्या सर्चमध्ये मात्र आधी अक्षांश टाकतात. माझ्यासारख्यांचा घोळ होतो तो इथेच.

केएमएल २००८ पासून ओजीसीचं, म्हणजे नकाशांच्या माहितीची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, अधिकृत मानक आहे. किलोमीटरचा त्यात काही संबंध नाही. साहेब आता निवृत्त आहेत, पण जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर रोज सुप्रभात टाकतात. हे उत्तर तिथेच पाठवतोय.