व्यसनमुक्तीचा खर्च कोणी करायचा?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला दारूचे व्यसन आहे. तालुक्यात उपचार नाहीत, खासगी केंद्राचा खर्च परवडत नाही आणि विमा कंपनी ‘हा आजार नव्हे’ असे म्हणते. सरकारकडून काही मदत मिळते का? – एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे, त्यामुळे कंपनीचे विधान कायद्याला धरून नाही. विम्यात शारीरिक आजारांच्या धर्तीवरच मानसिक आजारांवरील उपचारांचीही तरतूद असावी, असे कलम २१ सांगते. कंपनीकडून नकार लेखी मागा आणि तक्रार विमा लोकपालांकडे न्या.

उपचारांसाठी प्रथम जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात जावे. कलम १८ नुसार दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याकडे दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरी, सरकारी तसेच सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थांत मोफत उपचारांचा हक्क आहे. आणि कायद्याने ठरवलेल्या किमान मानसिक आरोग्य सेवा जिल्ह्यात उपलब्धच नसतील, तर जिल्ह्यातील अन्य संस्थेत घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने सोसायचा आहे. ही तरतूद फारशी कोणी वापरत नाही, म्हणून अर्ज लेखीच करा आणि पोच घ्या.

एक घोळ मात्र समजून घ्यायला हवा. मानसिक आरोग्य हा आरोग्य मंत्रालयाचा विषय, तर अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रांचा पैसा केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाकडून येतो. रुग्ण एकच असला तरी दारे दोन. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हे मदत क्रमांक आहेत.