कोंबड्यांच्या परसात आडोशाला आणि चाऱ्याला काय लावावं?

घरामागे पाच गुंठे उघडी जागा, तीस गावरान कोंबड्या, घार पिल्लं उचलते, तर आडोसाही होईल आणि खाद्याचा खर्चही वाचेल असं काय लावू, असं तुम्ही विचारलंय. शेवगा लावा, हादगा लावा असं कुणीही सांगेल. मी म्हणते आधी झाडं नकोतच, झुडपं लावा. उंच झाडाखाली जमीन मोकळीच राहते, पिल्लाला लपायला काही नाही, आणि वर शिक्र्याला बसायला आयती फांदी. घार घिरट्या घालते तेव्हा दिसते तरी. शिक्रा पानांत बसून राहतो, पिल्लू गेल्यावरच कळतं.

आम्ही जुन्नर तालुक्यातले. परस सामायिक, पण कोंबड्या माझ्या आणि अंड्यांचे पैसेही माझे. एका वर्षी जूनच्या शेवटी पाऊस झाल्यावर मी परसात तूर टोकली. शेतात टोकतात तशी ओळीनं नाही, जागोजागी पाच-सहा दाण्यांचे झुबके, आणि दोन झुबक्यांत पाच-सहा हातांचं अंतर. पिल्लाला एका पळात गाठता आलं पाहिजे एवढाच हिशोब. मोरीच्या पाण्यावर कर्दळ होतीच, पलीकडे अडुळशाच्या काड्या खोचलेल्या फुटल्या होत्या. भाद्रपदापर्यंत तूर छातीला लागली. दोन खुडूक कोंबड्या बसवल्या होत्या, त्यांची मिळून १९ पिल्लं हिंडत होती.

ज्यानं कोंबड्या पाळल्यात त्याला माहीत असेल, कोंबडीच्या ओरडण्यात फरक असतो. कुत्रं, मुंगूस दिसलं की ती कोक-कोक-कोकाक करून गाव गोळा करते. वर घार दिसली तर तसं नाही, बारीक, लांबट, घशातला आवाज काढते. तो आवाज आला की माझी १९ पिल्लं डोळ्याचं पातं लवायच्या आत तुरीखाली गायब. घार दोन फेऱ्या मारून निघून जायची. महिनाभरात एकही पिल्लू गेलं नव्हतं.

मग गणपतीला थोरले दीर पुण्याहून आले. भाऊजींना परसात जंगल दिसलं. साप निघतील, विंचू निघतील, आपल्याकडे बिबट्या फिरतो, उद्या तोही बसेल यात. मी आत उकडीला बसलेले, हात पिठाचे. बाहेर मशीनचा आवाज आला तो मला वाटलं, रस्त्यावर कुणी गवत काढतंय. शेजारचा पोरगा बोलावून दोन तासांत तूर, अडुळसा, कर्दळ सगळं जमिनीसपाट. बाहेर आले तर म्हणाले, "बघ, आता कसं माणसांचं घर वाटतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी कोंबडीनं तोच बारीक आवाज काढला. पिल्लं पळाली, कुठे पळाली सांगू? जिथे तूर होती तिथेच. बुडख्यांपाशी जाऊन जमिनीला चिकटून बसली. घारीनं उतरून एक उचललं, तासाभरानं परत आली. घारीला एकदा ठिकाण कळलं की ती रोज येते. दसऱ्याला माझ्याकडे सहा पिल्लं उरली होती. भाऊजींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "उघड्यावर सोडल्यावर घार नेणारच." उघडं कुणी केलं हे मी विचारलं नाही. आमचे हे म्हणाले, दादाला काय बोलणार.

तर सापाचं मला जे तेव्हा बोलता आलं नाही ते इथे लिहिते. साप तुरीसाठी येत नाही. तो उंदरासाठी येतो, आणि उंदीर सांडलेल्या दाण्यासाठी. दाणे पत्र्याच्या डब्यात ठेवा, उरलेलं खाद्य संध्याकाळी उचला, अंडी रात्रभर खुराड्यात ठेवू नका. परस आरशासारखा ठेवून खुराड्याशेजारी उघडं पोतं ठेवलंत तर साप येणारच.

आता तुमचं. आडोशाला कोंबडी जे खात नाही तेच लावा, नाहीतर चार महिन्यांत आडोसा पोटात जातो. अडुळसा शेळीसुद्धा तोंडात घेत नाही, काडी खोचली की लागतो. सांडपाण्याच्या जागी कर्दळ. चालू वर्षापुरती तूर हवीच, तिच्यावरच्या घाटेअळ्या कोंबड्या वेचून खातात तो वरचा फायदा. पण तूर काढली की उन्हाळ्यात परस पुन्हा उघडा पडतो, म्हणून अडुळसा त्याच पावसात लावून ठेवा. तोवर जुनी बाज चार दगडांवर ठेवा आणि तिच्यावर दोडका नाहीतर डांगर चढवा. दिसायला ओंगळ दिसतं. पिल्लांना चालतं.

चाऱ्याचं मात्र कुंपणाबाहेर लावा, म्हणजे आत वाकलेला पालाच तेवढा चोचीला मिळेल आणि बूड राहील. तुती उत्तम, कलमाची काडी पावसाळ्यात लागते, पाला खातात आणि पडलेल्या फळांवर तर भांडतात. शेवगा लावायचाच असेल तर तीन-चार फुटांवर छाटत राहा, पाला हाताशी राहतो आणि शिक्र्याला बैठक मिळत नाही. सुबाभूळ मी घालत नाही, तिच्या पाल्यातलं मायमोसिन कोंबडीला बाधतं. कण्हेर परसात नको, एरंडाच्या बिया विषारी, तोही नको. घाणेरीचा आडोसा छान होतो, पण घरात शेळ्या-गुरं असतील तर लावू नका.

खर्च वाचेल का? थोडा. मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, तीस कोंबड्यांचे तीन ते पावणेचार किलो झाले. पाल्यानं बलक पिवळाधमक होतो, पण पाल्यावर अंडी मिळत नाहीत, दाणा घालावाच लागतो. फुकटात कोंबड्या पोसण्याची कल्पना डोक्यातून काढा.

आणि हो, खुराड्याच्या चारी बाजूंनी दहा फूट मोकळे ठेवा. मुंगसालाही आडोसा आवडतो, दाट झुडपातून सरळ दारापर्यंत येतं, तेही भरदिवसा. एवढं भाऊजींचं बरोबर होतं असं म्हणता येईल. पण मग खुराड्यापुढचं कापायचं होतं, सगळा परस नव्हे.

रोपं लावली की बुडाशी दगड रचा आणि बाभळीचा फाटा टाका, नाहीतर आठवड्यात उकरून काढतील. पाच गुंठ्यांत मधोमध जाळी मारून निम्मा भाग आळीपाळीनं बंद ठेवलात तर आणखी बरं.

मी त्या प्रकारानंतर कडेनं करवंदी लावली. वाढायला फार मंद, तीन वर्षांत जेमतेम कमरेला आलीय, म्हणून लवकर आडोसा हवा असेल तर तिच्या भरवशावर राहू नका. गेल्या गणपतीत भाऊजी तिच्यापुढे उभे राहून म्हणाले, ही काढायला हवी. मी आतून कोयता आणून त्यांच्या हातात दिला. काट्यांकडे बघितलं, जरा वेळ उभे राहिले, आणि कोयता ओसरीवर ठेवून चहा मागितला.