खेळातल्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांना एकमेकांबद्दल खरंच आदर असतो का, की तो कॅमेऱ्यापुरताच?

कॅमेरा नसतानाचं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी कोल्हापुरात तालमीत राहायला होतो. जत्रांच्या मैदानांत माझी कुस्ती बहुतेक वेळा एकाच पोराशी लागायची. तो दुसऱ्या तालमीचा, वजन माझ्याएवढंच. आमच्यात समोरच्याला 'जोड' म्हणतात. दुश्मन वगैरे कुणी म्हणत नाही, पण ईर्षा मात्र अशी की त्याचं नाव काढलं की माझे शंभर जोर जास्त निघायचे.

पहिली कुस्ती हरलो. दुसरी पंचांनी बरोबरीत सोडवली. मी कपडे घालत होतो तर हा आला आणि म्हणाला, "ढाक लावायच्या आधी तुझं डावं पाऊल वळतंय. लांबनं कळतंय." ढाक म्हणजे फिरून समोरच्याला पाडायचा डाव. मला वाटलं, डोक्यात किडा सोडतोय. वस्तादांना बोललोसुद्धा नाही. पुढच्या जत्रेत ढाक लावायला गेलो आणि मी फिरायच्या आत गडी माझ्या पाठीवर. आसमान दिसलं! मग वस्तादांना सांगितलं. त्यांनी सहा महिने काठीनं माझं पाऊल ठोकून काढलं.

पुढे ओळख वाढल्यावर त्याला विचारलं, सांगितलंस कशाला? म्हणाला, "जोड कच्ची असली तर इनाम वाढणार कसं?" आता यात आदर किती आणि हिशेब किती, तुम्हीच ठरवा. मला दोन्ही चालतं.

मातीतल्या कुस्तीत सलामी झाली की मूठभर माती एकमेकांच्या अंगाला लावतात. घामानं हात निसटू नये म्हणून. म्हणजे मला पाडायला लागणारी पकड मीच त्याला द्यायची. हे रोज केलं की माणसाचा राग करणं जरा अवघड जातं.

मोठ्या मैदानातलं उदाहरण हवं असेल तर जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला झालेली महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत बघा. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघंही वस्ताद काका पवारांचे पठ्ठे. सदगीरनं ३-२ नं जिंकली आणि लगेच शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. तो दिखावा वाटत नाही मला. वर्षानुवर्षं एकाच आखाड्यात घाम गाळलेली पोरं ती.

प्रेक्षकांचं मात्र वेगळं. आमच्या पेठांतला फुटबॉल बघा, मैदानात खेळाडू हात मिळवतात आणि गॅलरीत समर्थक अजून एकमेकांचा उद्धार करत असतात.

आमची शेवटची कुस्ती खासबागेत झाली. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ सालचं मैदान. आखाडा मध्ये आणि बैठक चौफेर चढत गेलेली, सगळ्यांना सगळं दिसावं म्हणून. तिथं मी त्याला चितपट केलं, म्हणजे दोन्ही खांदे मातीला टेकवले. तो म्हणतो, एकच खांदा टेकला होता. आजही भेटला की चहाच्या आधी हाच विषय. त्याच्या बाजूला बसलेले एक सांगतात, माझ्या बाजूचे दोन.