सुतारकाम यंत्रांकडे जाईल का?

आपण विचारले आहे की, बारावी झालेला आपला धाकटा भाऊ सुतारकाम शिकायचे म्हणतो, तर येत्या वीस वर्षांत यंत्रमानव आणि संगणकावर चालणारी यंत्रे हा व्यवसाय गिळून टाकतील का. मी पुण्यात नऱ्हे भागात एक लहान वर्कशॉप चालवतो. या धंद्यात मला बावीस वर्षे झाली आणि त्यांतली शेवटची सहा वर्षे माझ्याकडे स्वतःचे सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारे यंत्र, आहे; ज्या यंत्राची आपल्याला धास्ती वाटते ते मीच हप्त्याने विकत घेतलेले आहे. माझे मत असे की सुतार संपणार नाही. मात्र ज्या कामांवर हात बसवून नवशिका सुतार होतो, ती कामे यंत्राकडे झपाट्याने चालली आहेत, आणि आपल्या भावाला धोका आहे तो तिथे.

या विषयावर जो आकडा हमखास फेकला जातो तो ऑक्सफर्डचे कार्ल फ्रे आणि मायकेल ऑस्बर्न यांच्या २०१३ च्या अभ्यासातला आहे. त्यांनी अमेरिकेतील ७०२ व्यवसाय तपासून, ते यंत्राच्या हाती जाण्याची शक्यता बांधकामावरील सुतारासाठी ७२ टक्के आणि वर्कशॉपमध्ये कपाटे-फर्निचर बनवणाऱ्या सुतारासाठी ९२ टक्के धरली. याचा अर्थ शंभरांतले ब्याण्णव सुतार घरी बसतील असा लोक लावतात, तो चुकीचा आहे. ते काम यंत्राकडून करून घेणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होईल का, एवढाच तो अंदाज होता. मला त्या दोन आकड्यांमधले वीसचे अंतर अधिक बोलके वाटते. अभ्यासाच्या कसोट्यांमध्ये बोटांचे कसब आणि अडचणीच्या जागेत अवघडून काम करणे या गोष्टी होत्या, आणि सिंकखालच्या कपाटात पाठीवर झोपून ज्याने कधी बिजागरी बसवली आहे त्याला हे अंतर कोठून आले ते सांगावे लागणार नाही.

वर्कशॉपमधले काम यंत्राला इतके सहज का जमले, याचे कारण यंत्रापेक्षा प्लायवूडमध्ये अधिक आहे. सागाची फळी प्रत्येक वेळी निराळी निघते. कुठे गाठ असते, कुठे नस उलटी फिरलेली असते, आणि रंधा कोणत्या बाजूने मारायचा हे फळी पाहूनच ठरवावे लागते. आठ बाय चार फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय मात्र पहिला आणि शंभरावा जवळजवळ सारखाच असतो. त्यातच बिजागरीच्या वाटीचे (दारात बसणाऱ्या गोल भागाचे) भोक ३५ मिलिमीटरचे आणि फळ्या टेकवण्यासाठी कपाटाच्या आत पाडलेल्या भोकांमधले अंतर ३२ मिलिमीटरचे, असे माप युरोपातून जगभर रूढ झाले. माल एकसारखा आणि मापे ठरलेली म्हटल्यावर सुताराने डोके चालवायचे उरते किती? माझ्याकडे एका स्वयंपाकघराच्या कपाटांची कापणी आणि भोके पाडणे यांत पूर्वी दोन मिस्त्री आणि दोन हेल्पर तीन-चार दिवस गुंतत असत. आता नकाशा संगणकात भरला की कोणता तुकडा कोणत्या शीटमधून काढायचा हे तोच ठरवतो, आणि एक मुलगा शीट चढवत-उतरवत दुपारपर्यंत सगळे कापून मोकळा होतो. चाकणच्या कारखान्यांना लागणारी लाकडी पॅलेट आणि खोकी याच वाटेने निघाली आहेत.

हे आजचे नाही. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या गोदीत जहाजांच्या लाकडी कप्प्या बनवण्यासाठी मार्क ब्रुनेल याने यंत्रे बसवली, तेव्हा ११० कुशल कारागिरांचे काम दहा अकुशल माणसे करू लागली, आणि १८०८ पर्यंत वर्षाला एक लाख तीस हजार कप्प्या निघू लागल्या. आपल्याकडे किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतात आला तेव्हा गावच्या सुताराच्या बलुत्याला कात्री लागली.

माझ्या घरात हे घडताना मी पाहिले आहे. वडील भोसरीत एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारा लाकडी नमुना ते हाताने घडवत. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, बीड सुमारे १ टक्का आणि पोलाद सुमारे २ टक्के, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी त्यांच्याकडे एक खास पट्टी असे, जिच्यावर ३० सेंटिमीटर लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात ती ३०३ मिलिमीटर भरत असे. ती पट्टी मी एकदा चुकून शाळेत नेली आणि भूमितीच्या तासाला माझी प्रत्येक रेषा बाईंच्या पट्टीपेक्षा किंचित मोठी निघाली. वडील निवृत्त झाले तोपर्यंत त्या कारखान्यात आकसण्याचा टक्का संगणकात टाकला जाऊ लागला होता आणि नमुने यंत्रावर कोरले जात होते. त्यांच्या जागी नवा पॅटर्न मेकर भरलाच नाही. सुतारकामातली एखादी शाखा पुरती वाळू शकते, हे मी यासाठीच नाकारत नाही.

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षी वाकडला एका नव्या सदनिकेत आमचे काम होते. यंत्रावर कापलेली कपाटे अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नसलेली, पण भिंत खालून वर चौदा मिलिमीटरने कललेली आणि कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. अशा वेळी मिस्त्री कपाट ओळंब्यात उभे करतो, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक पट्टी धरतो, लाकडाचा छोटा ठोकळा भिंतीला टेकवत त्याच्या आधाराने पेन्सिल वरपासून खालपर्यंत ओढतो, आणि त्या वाकड्या रेषेपर्यंत पट्टी रंध्याने उतरवतो. गिलाव्याचा फुगवटा, खोलगट भाग, सगळे त्या पट्टीच्या कडेत उतरते आणि फट दिसत नाही. काम वीस मिनिटांचे. योगायोग असा की २०१८ मध्ये सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातील यंत्रमानवाने बाजारात मिळणाऱ्या एका खुर्चीचा सांगाडा जोडला, त्यालाही २० मिनिटे १९ सेकंदच लागले होते, आणि त्यातली अकरा मिनिटांहून अधिक हात कसे हलवायचे हे ठरवण्यात गेली होती. ती कामगिरी मोठीच होती. पण तिथे सुटे भाग आधीच ठाऊक होते आणि वाकडी भिंत नव्हती. तेव्हापासून यंत्रे पुष्कळ पुढे गेली असली तरी वाकडच्या त्या घरात यंत्रमानव नेण्याचा खर्च आणि मिस्त्रीची रोजची मजुरी यांची तुलना केली, तर निदान पुण्यात मिस्त्रीच दीर्घकाळ स्वस्त पडेल. (दुपारी दोन ते चार आवाज करायचा नाही, हा सोसायटीचा नियम दोघांनाही सारखाच लागू राहील.) पेठांतल्या जुन्या वाड्यांची दुरुस्ती हेही हाताचेच काम आहे, परंतु वाडेच झपाट्याने पाडले जात असल्यामुळे त्यावर भावाने भिस्त ठेवू नये.

जपानचे उदाहरण मला अधिक विचारात पाडते. लाकडाचे सांधे घडवण्यात ज्यांचा हात जगाने मानला, त्या देशात आज खांब-तुळयांच्या लाकडी घरांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक घरांचे सांधे कारखान्यात यंत्राने कापलेले असतात. तिथे १९८० मध्ये नऊ लाखांहून अधिक सुतार होते, ते २०२० मध्ये तीन लाखांच्या आत आले. याला वाढते वय आणि घटलेली घरबांधणी ही कारणे आहेतच. पण सांधा हाताने कापण्याची गरजच उरली नाही, तर शिकाऊ मुलाने उमेदवारी कशावर करायची?

माझ्या वर्कशॉपमध्ये हेच चालले आहे. मी पहिली तीन वर्षे कपाटांच्या पाठीच्या फळ्या कापल्या, भोके पाडली, पॉलिश पेपर घासला. कंटाळवाणे होते, पण हात त्यातच तयार झाला. आजचा हेल्पर दोन वर्षे शीट चढवतो आणि बटणे दाबतो. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये सहकारनगरातून सागवानी दार अडकते असा फोन आला, तेव्हा मी अशाच एका मुलाला पाठवले. त्याने दार अगदी सैल फिरेपर्यंत कड रंधली. गिऱ्हाईक खूश झाले. मे महिन्यात त्याच काकूंचा फोन आला की दार आणि चौकट यांच्यामधून बोट आत जाते. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे त्या मुलाने ऐकलेले होते, पण त्याच्या हाताला ते माहीत नव्हते. प्लाय कापणाऱ्याला ते माहीत होण्याचे कारणही नसते. दाराला नवी पट्टी जोडण्याचा खर्च मी सोसला.

म्हणून भावाला यायचे असेल तर अवश्य येऊ द्या, मात्र पहिली नोकरी निवडताना पगाराकडे न पाहता काम पाहा. आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, तो करावा. संगणकावर नकाशा काढणे आणि कटिंग लिस्ट (कापायच्या तुकड्यांची मापांसह यादी) तयार करणे सहा महिन्यांत जमते, तेही शिकावे, कारण वर्कशॉपमध्ये टिकण्यासाठी आता ते लागतेच. मग जिथे फक्त कापणी चालते तिथे न जाता, घरोघरी जाऊन फिटिंग आणि दुरुस्ती करणाऱ्या एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली किमान दोन वर्षे राहावे. सुरुवात जूनमध्ये केलेली बरी. जुलैत फुगलेल्या दारांचे फोन सुरू होतात, आणि रंधा कुठे थांबवायचा हे मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून पाहता येते. पुढच्या मे महिन्यात त्याच दारांपाशी पुन्हा जाऊन फट किती पडली तेही पाहावे.