पी०१७१ कोड उडवला तरी चार दिवसांनी परत का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ची पेट्रोल गाडी, बाहेरून बसवलेलं सीक्वेन्शियल सीएनजी किट, रोज घोडबंदर रोडने ये-जा. चेक इंजिनचा दिवा लागतो, गॅरेजवाले स्कॅनर लावून पी०१७१ उडवतात, चार दिवसांनी दिवा परत लागतो. बॅटरीची वायर काढून ठेवली तर तो कायमचा जाईल का?

नाही जाणार. वायर काढूही नका. बऱ्याच गाड्यांत कोड अशा मेमरीत असतो की बॅटरी काढली तरी तो तिथेच राहतो. आणि गेलाच, तर त्याच्याबरोबर दोष शोधायचा पुरावाही जातो. शिवाय आयडलिंगचं, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन हळू फिरतं ठेवायचं, लर्निंग पुसलं गेल्यामुळे गाडी काही दिवस सिग्नलला बंद पडू शकते.

आधी पी०१७१ म्हणजे काय ते पाहू. सायलेन्सरच्या पाइपवरचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, सांगत असतो की मिश्रणात हवा जास्त आहे की इंधन. हवा जास्त दिसली की ईसीएम इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतं. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. क्षणाक्षणाला बदलते ती शॉर्ट टर्म, आणि तिच्यावरून शिकून साठवली जाते ती लाँग टर्म. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. अधिक २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊनही मिश्रण सुधारलं नाही, की ईसीएम पी०१७१ नोंदवतं. म्हणजे हा कोड कुठल्याही पार्टचं नाव सांगत नाही. ‘मी भरपूर इंधन वाढवलं, तरी कमीच पडतंय’ एवढीच ती तक्रार आहे. म्हणून हा कोड दिसला की लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायचा, हे मला अजिबात पटत नाही. बहुतेक वेळा तो सेन्सर खरंच सांगत असतो.

आता चार दिवसांचं गणित. भारतात एप्रिल २०१३पासूनच्या कारमध्ये ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष तपासायची यंत्रणा, आहे आणि त्यात असे दोष सहसा दोन फेऱ्यांच्या नियमाने पक्के होतात. फेरी म्हणजे इंजिन सुरू करून, चालवून, बंद करेपर्यंतचा प्रवास. पहिल्या फेरीत दोष दिसला तर कोड ‘पेंडिंग’ म्हणून राहतो, दिवा लागत नाही. पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसला तर कोड पक्का होतो आणि दिवा लागतो. त्याच वेळी ईसीएम एक ‘फ्रीझ फ्रेम’ साठवतं: आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, लोड, दोन्ही ट्रिम. तुमच्या गॅरेजमध्ये कोड उडवला की सहसा लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येते. मग ती पुन्हा शिकत शिकत हद्दीपर्यंत चढते, पुढे दोन फेऱ्या होतात, आणि दिवा लागतो. दोष मध्ये कधी गेलेलाच नसतो.

दोष खरोखर गेला तर उडवायचीही गरज नसते. सलग तीन फेऱ्यांत तपासणी पास झाली की दिवा आपोआप विझतो, आणि दोष पुन्हा आला नाही तर ४० वॉर्म-अपनंतर (म्हणजे थंड इंजिन तितक्यांदा गरम झाल्यावर) कोडही पुसला जातो. घाई असेल तर उडवा, पण फ्रीझ फ्रेमचा फोटो काढल्याशिवाय नको. कोडबरोबर तीही पुसली जाते, ‘शेवटचा कोड उडवल्यापासून किती किलोमीटर’ हा आकडा शून्य होतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर यांच्या तपासण्या ‘अपूर्ण’वर येतात.

तुमच्या गाडीत खरी गुंतागुंत सीएनजीची आहे. गॅसवर चालतानाही पेट्रोलच्या ईसीएमला वाटतं की आपणच पेट्रोलचे इंजेक्टर उघडतोय. किटचं ईसीयू, म्हणजे किटचा स्वतःचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडे ठेवायचा तो वेळ वाचतं, आपल्या मॅपप्रमाणे (किती गॅस सोडायचा त्याच्या तक्त्याप्रमाणे) त्याला गुणतं आणि गॅसचे इंजेक्टर उघडतं. त्यामुळे गॅस कमी पडला तरी कोड पेट्रोलच्या ईसीएममध्येच पडतो, आणि फ्रीझ फ्रेममध्ये गाडी कशावर होती हे लिहिलेलं नसतं. एक खूण मात्र मिळते. किट ठरावीक तापमानानंतरच गॅसवर जातं. फ्रीझ फ्रेममधलं कूलंटचं तापमान त्याच्या खाली असेल, तर तेव्हा गाडी पेट्रोलवर होती.

म्हणून तपासणी अशी करा. साधा ब्लूटूथ स्कॅनर पुरेल. त्याचं सॉकेट १६ पिनांचं, सहसा स्टिअरिंगखाली डॅशबोर्डला असतं. इंजिन पूर्ण गरम करा. गाडी पेट्रोलवर टाका आणि किमान १५ मिनिटं नीट चालवा, कारण गॅसवर शिकलेली लाँग टर्म ट्रिम लगेच उतरत नाही. घोडबंदरच्या कोंडीत हे जमणार नाही. सकाळी लवकर ठाणे-बेलापूर रोड किंवा पाम बीच रोड गाठा. शॉर्ट आणि लाँग टर्मची बेरीज आयडलला, २५०० आरपीएमला आणि चढावर लोड देऊन अशी तीनदा लिहून घ्या. मग गॅसवर हेच सगळं पुन्हा. आकडे एक जण वाचेल आणि दुसरा चालवेल, असं करा.

पेट्रोलवर आकडे ठीक आणि गॅसवर अधिक २० असतील, तर पेट्रोलच्या बाजूचा एकही पार्ट बदलू नका. दोष किटचा आहे: चोक झालेला गॅस फिल्टर, रेड्युसरचा (सिलिंडरमधल्या गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाचा) कमी झालेला दाब, अडकणारे गॅस इंजेक्टर, किंवा मॅपच कमी ठेवलेला. क्रम हाच ठेवा. फिल्टर आणि दाब न बघता लॅपटॉप लावून मॅप वाढवला, तर आजचा कोड जातो आणि पुढे फिल्टर बदलल्यावर उलटा पी०१७२ येतो, म्हणजे इंधन जास्त. ट्यूनिंग नीट झाल्याची खूण अशी की गरम इंजिनवर, आयडलला, पेट्रोलवरचा इंजेक्शनचा वेळ आणि गॅसवर दिसणारा वेळ जवळपास सारखा राहतो.

फक्त पेट्रोलवरच ट्रिम चढत असेल तर पंप, फिल्टर आणि इंजेक्टर बघा. वर्षानुवर्षं गॅसवरच चालवलेल्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात. पंपाची खूण ही की आयडलला आकडे बरे दिसतात आणि लोड दिला की चढतात.

दोन्हींवर चढत असेल तर दोष सामाईक. आत जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा पाइप) बाहेरची हवा ओढत असेल तर आयडलला अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ५ असं काहीतरी दिसतं. किट बसवताना मॅनिफोल्डला पाडलेली भोकं आणि व्हॅक्यूमचे रबरी पाइप आधी तपासा. तुमच्या गाडीत फक्त मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा; किटच्या मॅपशी याचा संबंध नाही) असेल तर ही खूण तितकी चालत नाही, कारण वाढलेला दाब ईसीएमला दिसतो. तिथे ट्रिमऐवजी आयडल चढतं. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तर तिथून शिरलेली हवाही खोटं ‘इंधन कमी’ दाखवते. थंड इंजिन सुरू करताना तिथे टिकटिक ऐकू येते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कोडच्या वर्णनात ‘सर्किट हाय’ किंवा ‘सर्किट लो’ असेल तर सेन्सरच्या आधी कनेक्टर उघडून बघा. बहुतेक सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये बोलतात. कूलंट सेन्सरची वायर तुटली तर ५ व्होल्ट दिसतात आणि स्कॅनर उणे ४० अंश दाखवतो. ठाण्यात उणे ४० कधीच नसतं, त्यामुळे आधी वायर आणि कनेक्टर बघा. पिनांवर हिरवा गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, मग पुन्हा वाचा.

एका बाबतीत मात्र वाट बघू नका. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय आणि न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि प्लग-कॉइल बघितल्याशिवाय पुढे चालवू नका.

दुरुस्तीनंतर इग्निशन ऑन, इंजिन बंद ठेवून कोड उडवा. चालू इंजिनवर काही ईसीएम ही आज्ञा स्वीकारत नाहीत. मग आठवडाभर दिव्याकडे नाही, पेंडिंग कोड आणि लाँग टर्म ट्रिमकडे बघा. गॅसवर आकडा ८-१०च्या आत टिकला तर काम झालं. रोज दोन-तीनने चढत असेल तर दिवा लागायच्या आधीच परत गॅरेज गाठा.